शाईची अट

छापणाऱ्या यंत्राने शाई नाकारावी, ही गोष्ट छपाईच्या इतिहासात अगदी अलीकडची आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. यंत्र, शाई आणि पुढे खिळे यांची सगळी जुळवाजुळव त्यांनी स्वतःच केली होती. छपाईच्या शाईत चरबी असते या समजुतीने सोवळ्यातली माणसे छापलेल्या कागदाला हात लावायला बिचकत, आणि त्यावर तोड म्हणून तुपात खललेली शाई वापरली गेली, असे त्या काळच्या वर्णनांत येते. शाई बदलायची गरज गिऱ्हाइकाच्या श्रद्धेतून निघाली, निर्णय छापखान्याने घेतला, आणि यंत्राने निमूट छापले. बोरू, टाक आणि फाउंटन पेन यांचीही रीत हीच. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. पुढे तो कॅमलिन या नावाने घरोघरी पोचला. परदेशी पेनात देशी शाई भरायला पेन बनवणाऱ्याला विचारावे लागत नव्हते, म्हणूनच असा धंदा उभा राहू शकला. आज मात्र घरातल्या इंकजेट प्रिंटरमध्ये शाई भरलेली असते, कागद लावलेला असतो, वीज चालू असते, आणि तरीही ‘कार्ट्रिज ओळखता आली नाही’ असा निरोप देऊन यंत्र थांबते. हा निरोप म्हणजे बिघाड असे धरून आपण दुरुस्तीला लागतो. काही वेळा तो खरोखर बिघाड असतो. पण पुष्कळदा ती एक अट असते: शाई आमचीच वापरा. शंभर वर्षांपूर्वी हीच अट यंत्रावर उघड लिहिलेली असे. न्यायालयाने आणि कायद्याने ती मोडीत काढली, आणि नंतर ती चिपच्या रूपाने परत आली. कार्ट्रिजच्या तक्रारींचा इतिहास या दोन प्रकारांत फरक करूनच वाचायला हवा.

आधी खऱ्या बिघाडाकडे पाहू, कारण या यंत्राची मुळातली रचनाच नाजूक आहे. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगची तापलेली सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा तयार होतो आणि तो शाईला पुढे ढकलतो, हे त्यातून लक्षात आले. जवळपास त्याच काळात अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डमध्ये जॉन व्हॉट त्याच तत्त्वापर्यंत स्वतंत्रपणे पोचले. त्या कंपनीचा थिंकजेट १९८४ मध्ये ४९५ डॉलरला बाजारात आला. त्याच्या कार्ट्रिजमध्ये शाईची पिशवी आणि बारा छिद्रांचे हेड एकत्र होते, आणि शाई संपली की हेडसकट सगळे फेकून द्यायचे होते. यामागचे कारण प्रामाणिक होते. काही मायक्रोसेकंदांत तापून पुन्हा निवणारे ते सूक्ष्म रोधक झिजतात आणि केसाहून बारीक छिद्रे वाळल्या शाईने बुजतात. मग झिजणारा भाग शाईबरोबरच बदलला तर यंत्र स्वस्त आणि टिकाऊ होते. एप्सनने दुसरी वाट घेतली. पिझो स्फटिकाला विजेने वाकवून थेंब ढकलायचा, उष्णता वापरायचीच नाही. तिथे हेड यंत्रातच कायम राहते आणि कार्ट्रिज ही नुसती शाईची डबी असते. आजच्या तक्रारींचे दोन वंश इथूनच सुरू होतात: हेड कार्ट्रिजवर असेल तर विजेच्या जोडणीची तक्रार जास्त, आणि हेड यंत्रात असेल तर हेड जॅम होण्याची.

या दोन्ही वंशांतल्या अस्सल बिघाडांवरचे उपाय साधे आहेत आणि ते गेल्या चाळीस वर्षांत फारसे बदललेले नाहीत. हेड असलेल्या कार्ट्रिजच्या पाठीवर तांब्याच्या टिकल्या असतात आणि त्या यंत्रातल्या स्प्रिंगच्या टाचण्यांना टेकतात. त्यांच्यामध्ये शाईचा पातळ थर, बोटाचे तेल किंवा धूळ आली की यंत्राला कार्ट्रिज दिसत नाही. वीज बंद करायची, तंतू न सुटणारे कापड शुद्ध पाण्यात किंचित भिजवून टिकल्या आणि टाचण्या पुसायच्या, छिद्रांच्या पट्टीला हात लावायचा नाही, सगळे वाळू द्यायचे आणि कार्ट्रिज ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवायची. नव्या कार्ट्रिजवरची चिकटपट्टी काढायची राहिली, किंवा काळी आणि रंगीत यांच्या जागांची अदलाबदल झाली, तरी तसाच निरोप येतो. दोन्हींपैकी दोषी कोणती हे ओळखायला काही प्रिंटरांत एकीला बाहेर काढून दुसरीवर छापून पाहता येते. बुजलेल्या छिद्रांना ओलसर टिशूवर थोडा वेळ टेकवून ठेवले की वाळलेली शाई सैल होते. कारण समजले की उपाय सुचतो आणि केलेल्या उपायाचा परिणाम लगेच दिसतो. शिवणयंत्राचा किंवा सायकलचा कारागीर जे तर्कशास्त्र वापरतो तेच हे. इथे यंत्र आणि माणूस यांच्यात तिसरा कोणी नसतो.

तिसरा आला तो मोजणीच्या वाटेने. बहुतेक घरगुती प्रिंटर शाई प्रत्यक्ष मोजत नाहीत. ते उडवलेल्या थेंबांचा हिशेब ठेवतात आणि त्यावरून किती उरली याचा अंदाज बांधतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कार्ट्रिजवर चिप बसू लागली आणि हा हिशेब कार्ट्रिजमध्येच लिहिला जाऊ लागला. त्यामुळे एक विचित्र स्थिती तयार झाली: सुईने शाई भरून कार्ट्रिज पुन्हा काठोकाठ भरली तरी तिच्या चिपमध्ये ती रिकामीच राहते. या घटकेपासून दुरुस्तीचा अर्थच बदलला. पूर्वी शाई भरणे म्हणजे दुरुस्ती होती. आता शाई भरूनही वहीतला आकडा खोडावा लागे, आणि त्यासाठी चिपला टेकवून हिशेब पुसणारे रिसेटर नावाचे छोटे यंत्र बाजारात आले. कॅननच्या अनेक घरगुती प्रिंटरांत ई१३ आणि ई१६ हे संकेत नेमके हेच सांगतात की आपल्या हिशेबाने शाई संपली आहे. त्यावर कंपनीचाच उपाय असा, की थांबवण्याचे बटण पाच सेकंद वा अधिक दाबून धरावे, म्हणजे शाई मोजणे बंद होऊन छपाई पुढे चालू होते. हा पुरावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. बटण दाबून धरल्याने तुटलेली तार जुळत नाही आणि बुजलेले छिद्र मोकळे होत नाही. जो दोष बटणाने मिटतो तो दोष नसतोच. जबाबदारी आता तुमची, एवढेच यंत्राला तुमच्याकडून कबूल करून घ्यायचे असते. कॅननने निदान ही कबुली देण्याची सोय ठेवली. इतर कित्येक ठिकाणी तीही राहिली नाही.

ही अट जुनी आहे असे मी म्हणतो, त्याचा पुरावा शिकागोच्या ए. बी. डिक कंपनीच्या इतिहासात आहे. स्टेन्सिलवरून प्रती काढणारे मिमिओग्राफ यंत्र ही कंपनी विकत असे. आपल्याकडे सायक्लोस्टाइल म्हणून ओळखल्या गेलेल्या यंत्राचे ते भावंड होय. प्रत्येक यंत्रावर सूचना लावलेली असे, की त्यात कंपनीचाच स्टेन्सिल कागद, कंपनीचीच शाई आणि कंपनीचेच इतर साहित्य वापरावे. बाहेरच्या एका व्यापाऱ्याने अशा यंत्राच्या मालकिणीला शाईचा डबा विकला आणि कंपनीने त्याच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला. शाईवर पेटंट नव्हते, यंत्रावर होते. तरीही मार्च १९१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पेटंटाचा हात पेटंट नसलेल्या वस्तूंपर्यंत पोचू लागेल, असा अल्पमतातल्या सरन्यायाधीश व्हाइट यांचा आक्षेप होता. तो फार काळ अल्पमतात राहिला नाही. १९१४ मध्ये अशा अटींना आळा घालणारा क्लेटन कायदा झाला आणि १९१७ मध्ये त्याच न्यायालयाने चित्रपटाच्या प्रक्षेपण यंत्राच्या खटल्यात १९१२ चा निकाल रद्दबातल ठरवला. यंत्रासोबत फक्त आपल्याच फिल्म दाखवाव्यात, अशी अट पेटंटाच्या जोरावर घालता येणार नाही, असे ठरले. १९३६ मध्ये आयबीएमलाही हाच धडा मिळाला. यंत्र भाड्याने घेणाऱ्याने छिद्रपत्रे आमचीच घ्यावीत, ही तिची अट बेकायदेशीर ठरली.

भारतातला कायदा या बाबतीत मागे नाही. ब्रिटनने १९०७ च्या पेटंट कायद्यातच अशा बांधून ठेवणाऱ्या अटी रद्द केल्या होत्या. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे १४० वे कलम त्याच परंपरेतले आहे: पेटंट असलेली वस्तू विकताना किंवा भाड्याने देताना, पेटंटाबाहेरची दुसरी एखादी वस्तू विक्रेत्याकडूनच घेतली पाहिजे किंवा दुसऱ्याकडून घेता कामा नये, अशी अट करारात घालणे बेकायदेशीर आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्यातही एका वस्तूला दुसरी बांधून विकण्याचा उल्लेख आहे; स्पर्धेवर जाणवण्याइतका वाईट परिणाम होत असेल तर तो व्यवहार टिकत नाही. मग घरातला प्रिंटर बाहेरची शाई नाकारतो तेव्हा हे कायदे गप्प का बसतात? कारण कायद्याला करारातले कलम ओळखता येते. चिप आणि प्रिंटरमधली आज्ञावली कलमाच्या रूपात नसते. ती कुणी वाचत नाही, तिच्यावर सही होत नाही, आणि ती मोडली म्हणून कंपनीला कुणावर दावा लावावा लागत नाही. १९१२ मध्ये अट अमलात आणायला कंपनीला न्यायालयात जावे लागले आणि म्हणूनच ती अट न्यायालयाच्या डोळ्यांसमोर आली. आज अंमलबजावणी यंत्रातच होते. न्यायालयात जाण्याचा भार आता गिऱ्हाइकावर आहे, आणि काही शे रुपयांच्या कार्ट्रिजसाठी तो कुणी उचलत नाही.

यंत्र विकल्यानंतरही ही अट कडक करता येते, हे २०१६ मध्ये जगाने पाहिले. त्या वर्षी १३ सप्टेंबरला ह्युलेट-पॅकार्डच्या ऑफिसजेट मालिकेतल्या अनेक प्रिंटरांनी इतर कंपन्यांच्या चिप असलेल्या कार्ट्रिज एकाएकी नाकारल्या. आदल्या दिवशी त्याच कार्ट्रिज चालत होत्या. प्रिंटरच्या आज्ञावलीसाठी आधीच पाठवलेल्या सुधारणेत ठरल्या तारखेला जागी होणारी आज्ञा होती. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांच्या संस्थेने जाहीर पत्र लिहिले, ओरड झाली, आणि महिना संपायच्या आत कंपनीने माहिती नीट न दिल्याबद्दल माफी मागून ती आज्ञा काढून टाकण्याची सोय देऊ केली. व्यवस्था मात्र पुढेही चालू ठेवली. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये या मर्यादा गिऱ्हाइकाला स्पष्ट न सांगितल्याबद्दल १ कोटी युरोंचा दंड केला. वर्गणी घेऊन शाई पुरवण्याच्या योजनेत तर कार्ट्रिजमध्ये शाई शिल्लक असली तरी वर्गणी थांबताच छपाई थांबते. अशा प्रिंटरच्या टिकल्या कितीही पुसल्या तरी काही होणार नाही. तिथे बिघडलेले काहीच नसते.

यावरचा पहिला आक्षेप धंद्याचा आहे आणि तो वजनदार आहे. १९८८ चा पहिला डेस्कजेट जवळपास हजार डॉलरचा होता. आज इंकजेट काही हजार रुपयांत मिळतो, तो यंत्रावरचा तोटा शाईतून भरून निघतो म्हणूनच. बाहेरची शाई सर्रास चालली तर यंत्रे महागतील आणि वर्षातून चार पाने छापणारा माणूस त्यात भरडला जाईल. हे खरे आहे. पण यातून सिद्ध होते ते एवढेच, की गिऱ्हाईक यंत्राची उरलेली किंमत हप्त्याने फेडतो आहे. हप्ता असेल तर तो दुकानात सांगितला पाहिजे, आणि कधीतरी तो संपलाही पाहिजे. कार्ट्रिजच्या निरोपात या दोन्हींपैकी काहीच नसते. ज्याने दहा वर्षे छापले त्याने यंत्राची किंमत अनेकदा फेडलेली असते, तरी अट त्याच्यासाठी पहिल्या दिवसाइतकीच कडक राहते. शिवाय उधारी वसूल करताना ‘तुमची वस्तू बिघडली आहे’ असे कुठलाही प्रामाणिक सावकार सांगत नाही.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. हलकी शाई हेड जाळते, बनावट माल फिरतो, आणि कार्ट्रिज पूर्ण कोरडी होण्याआधी थांबवली नाही तर उष्णतेचे हेड कोरडे तापून खराब होते. यातले प्रत्येक विधान तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, आणि म्हणूनच इशारा देणारा निरोप योग्य आहे. प्रश्न इशारा कुठे संपतो आणि मनाई कुठे सुरू होते याचा आहे. या प्रश्नाचे उत्तर कॅननच्याच वागण्यातून मिळाले. २०२२ च्या सुरुवातीला जगभर चिपची टंचाई होती, तेव्हा कॅननला आपल्या कार्यालयीन यंत्रांसाठी चिप नसलेल्या टोनर कार्ट्रिज पाठवाव्या लागल्या. यंत्रे त्यांना ओळखेनात. कॅननच्या जर्मनीतल्या शाखेने गिऱ्हाइकांना सूचना दिल्या, की निरोप आला तरी तो बाजूला सारून छपाई करा. उरलेला टोनर दाखवण्यात अडचण येईल, छपाईच्या दर्जाला धक्का नाही. ही यंत्रे लेझर जातीची, इंकजेट नव्हेत. पण चिपचे काम दोन्हीकडे सारखेच. चिप नसताना छपाई उत्तम होते हे स्वतः चिप बसवणाऱ्याने लिहून दिले, तर चिपचा संबंध दर्जाशी कमी आणि दाराशी उभ्या पहारेकऱ्याशी जास्त, हे मान्य करावे लागते.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि तोही टाळता येत नाही. कार्ट्रिज स्वतः पेटंट असलेली वस्तू असू शकते. मग ती पुन्हा भरणे हा वापर की नवे उत्पादन? जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००७ मध्ये कॅननच्या बाजूने निकाल दिला. रिकाम्या टाक्यांना भोक पाडून, धुऊन, शाई भरून विकणे म्हणजे पेटंट असलेली वस्तू नव्याने बनवणे, असे त्याचे मत पडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात नेमके उलटे ठरवले. एकदा विकलेल्या वस्तूवर पेटंटाचा हक्क संपतो, मग ती एकदाच वापरण्याच्या करारावर सवलतीत विकली असली तरीही. दोन निकालांत तफावत आहे, पण एक गोष्ट समान आहे. दोन्हीकडे वाद उघड झाला, कारणे लिहिली गेली, आणि ती आपण तपासू शकतो. चिप जो निकाल देते त्याला कारणे नसतात आणि त्यावर अपीलही नसते. पेटंटधारकाचा दावा खरा असेल तर त्याने तो न्यायालयात मांडावा. यंत्राला न्यायाधीश करू नये.

बाजार आपोआप मार्ग काढतो, हा शेवटचा आक्षेप. तो अर्धा खरा आहे आणि त्याचे श्रेय आपल्यासारख्या देशांतल्या कारागिरांना जाते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातले झेरॉक्सचे दुकान, सिरिंजने कार्ट्रिज भरून देणारे हात सगळीकडे तयार झाले. आधी डॉट मॅट्रिक्सच्या रिबनला पुन्हा शाई देण्याची सवय होतीच. वरचे लेबल उचकटायचे, स्पंज भिजेल इतकीच शाई सोडायची, टिशूवर हेड टेकवून रंगांच्या पट्ट्या सलग उमटतात का पाहायचे, एवढे कसब पुरे असे. इंडोनेशियात तर लोक प्रिंटरच्या बाजूला बाटल्या लावून नळीने सतत शाई पुरवू लागले. ही पद्धत इतकी फैलावली की एप्सनने २०१० मध्ये तिथेच टाकीचे प्रिंटर आणले आणि मग ते भारतासह इतरत्र नेले. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. ज्या कृतीला काल ‘छेडछाड’ म्हटले जात होते तिचेच आज उत्पादन झाले. तरी अट पूर्ण विरघळली नाही. हेड साफ करताना सांडलेली शाई टिपणारा स्पंज भरला, असा अंदाजी आकडा यंत्र ठेवते, आणि तो गाठला की ‘सेवा केंद्रात न्या’ म्हणून थांबते. स्पंज खरोखर भरतो आणि तो बदलायलाही हवा. पण नवा स्पंज बसवूनही आकडा पुसल्याशिवाय यंत्र हलत नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात संकेतस्थळ उघडले. त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांनी प्रिंटर कार्ट्रिजसह आपल्या यादीत धरला आहे. यंत्र जिला रिकामी म्हणते ती भरलेली कार्ट्रिजही याच कचऱ्यात जाते, हे ग्राहक व्यवहार आणि ई-कचरा पाहणाऱ्या दोन्ही विभागांनी एकत्र बसून पाहण्यासारखे आहे.

म्हणून कार्ट्रिजची तक्रार सोडवायला बसणाऱ्याने आधी तिची जात ठरवावी. पुसून, वाळवून, नीट बसवून जी मिटते ती यंत्राची तक्रार. तिला कापड, पाणी आणि धीर पुरतो. बटण दाबल्यावर जी मिटते ती सूचना. ती ऐकावी आणि पुढे जावे. आणि ठरावीक दुकानातूनच नवी कार्ट्रिज आणल्यावर जी मिटते ती अट आहे. तिला बिघाड म्हणण्याचे सौजन्य आपण दाखवू नये. ए. बी. डिक कंपनीची १९१२ ची अट अन्यायाची होती, पण ती यंत्रावर ठसठशीत लिहिलेली होती. गिऱ्हाईक ती वाचू शकत होता, न पटल्यास यंत्र न घेता निघू शकत होता, आणि न्यायालय तिच्यावर बोट ठेवू शकले. शाईची अट घालायचीच असेल तर ती पुन्हा तिथेच, खोक्याच्या दर्शनी भागावर, किमतीशेजारी आणि मराठीत छापली जावी. एवढे झाले तरी पुढचा वाद दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरून उठून दुकानाच्या काउंटरवर येईल, आणि पैसे अजून गिऱ्हाइकाच्या खिशात असतील.